गाडी शिकायला पैसे भरण्याआधी तास मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीची परीक्षा आटोपली की मुंबईतल्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चौकशीचे फोन वाढतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पूर्ण पॅकेज कितीला?" दोन-तीन ठिकाणी आकडा विचारायचा आणि कमी असेल तिथे पैसे भरायचे, अशीच बहुतेक घरांची रीत आहे. पण त्या आकड्यात सरकारी शुल्क किती, शिकवण्याचे किती आणि टेस्टच्या दिवशीच्या गाडीचे किती, हे कळत नाही. त्या पैशात स्टिअरिंग किती तास हातात येणार, हे तर क्वचितच कोणी विचारते. गाडी शिकवण्याच्या कामात असलेल्या आम्हा काही जणांना वाटते की पैसे भरण्याआधी हा हिशोब घरात कागदावर मांडला जावा. म्हणून हे पत्र.

आधी सरकारी शुल्क, कारण ते ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली या चारही आरटीओंत सारखेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ३२ प्रमाणे शिकाऊ लायसन्ससाठी वाहनाच्या प्रत्येक प्रकाराला १५० रुपये आणि चाचणीचे ५० रुपये. पक्क्या लायसन्सच्या टेस्टला प्रत्येक प्रकारामागे ३०० आणि लायसन्सचे २०० रुपये. कार्डाचा आणि टपालाचा आकार वर येतो. लायसन्सच्या ‘सारथी’ या सरकारी पोर्टलवर पैसे भरताना तो दिसतो. फक्त मोटारीचे लायसन्स काढायचे असेल तर हे सगळे मिळून हजार रुपयांच्या आसपास राहते. पॅकेजमध्ये ‘आरटीओचे’ म्हणून याच्या तिप्पट रक्कम धरली असेल, तर वरचे पैसे कशाचे हे जरूर विचारावे. अर्ज भरणे, कागदपत्रे अपलोड करणे, टेस्टची तारीख घेणे हे काम आहे आणि त्याचा मोबदला घेण्यात काही गैर नाही. मात्र तो पावतीवर वेगळ्या ओळीत हवा. "टेस्टचे टेन्शन घेऊ नका, आमचे सेटिंग आहे," असे कोणी म्हणाले तर तिथून उठावे. लायसन्स मिळवून देण्याबाबत असा भ्रम निर्माण करायला नियम २७ ने ड्रायव्हिंग स्कूलला स्पष्ट मनाई केली आहे.

आधार कार्ड असेल तर शिकाऊ लायसन्सची चाचणी घरी बसून ऑनलाइन देता येते आणि तिच्यात साठ टक्के उत्तरे बरोबर लागतात. वाहतुकीच्या खुणा आणि नियम दोन संध्याकाळी वाचले तर कोणीही पास होतो. एवढ्यासाठी एजंटला पैसे देण्याची गरज नाही. फक्त साइटचा पत्ता gov.in या सरकारी शेपटाऐवजी दुसऱ्या कशाने संपत असेल तर तिथे पैसे भरू नका. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरचे फॉर्म १-ए प्रमाणपत्र लागते. त्याची फी वेगळी धरा. चाळिशीच्या आतल्यांना फॉर्म १ मध्ये स्वतःच जाहीर करायचे असते की दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते. हे खरोखर रस्त्यावर उभे राहून तपासा. चष्म्याचा नंबर बदललेला असेल तर नवा चष्मा गाडी शिकण्याच्याच खर्चात धरावा आणि तो पहिल्या क्लासच्या आधी करावा. समोरची गाडी उशिरा दिसणारा विद्यार्थी ब्रेक उशिरा मारतो आणि त्याला वाटते आपल्याला गाडी जमत नाही.

इथेच थोडे पैसे वाचवता येतात. स्कूटर किंवा मोटारसायकलही चालवायची असेल तर दोन्हींचा अर्ज एकत्र करा. तेव्हा दुसऱ्या प्रकारासाठी १५० आणि ३०० मिळून साडेचारशेच रुपये जास्त पडतात. तोच प्रकार दोन वर्षांनी वाढवायचा म्हटले तर शिकाऊ लायसन्स, त्याची चाचणी, पक्की टेस्ट आणि प्रकार वाढवण्याचे ५०० असे हजार होतात, शिवाय नव्या कार्डाचा आकार. टेस्ट मात्र गिअरच्या दुचाकीवर द्यावी, कारण बिनगिअरच्या स्कूटरवर दिली तर तेवढ्याचेच लायसन्स मिळते. मोटारीत असा भेद नाही. ऑटोमॅटिक आणि गिअरची, दोन्ही हलक्या मोटार वाहनाच्या एकाच प्रकारात येतात.

आता तासांकडे वळू. नियम ३१ सांगतो की खासगी वाहनाचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे असावे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणे १० तासांपेक्षा कमी नसावे. अर्ध्या तासाचा क्लास धरला तर हे वीस क्लास होतात. समजा, एका ठिकाणी सहा हजारांत अर्ध्या तासाचे वीस क्लास आहेत आणि दुसरीकडे साडेचार हजारांत वीस मिनिटांचे पंधरा. दुसरे दीड हजाराने स्वस्त वाटते. पण पहिल्या ठिकाणी दहा तास मिळतात, म्हणजे तासाला ६०० रुपये पडले. दुसऱ्या ठिकाणी पाचच तास, म्हणजे तासाला ९००. त्यात पाच तासांत कोणी रस्त्यावर उतरण्याइतके तयार होत नाही, तेव्हा पुढचे पाच तास विकत घ्यावेच लागतात. सिम्युलेटरवरचे, म्हणजे पडद्यासमोरच्या नकली गाडीवरचे क्लास या दहा तासांत मोजलेत का, फीमध्ये जीएसटी आहे की वरून लागणार, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

कागदावरचे दहा तास प्रत्यक्षात दहा राहतीलच असे नाही. आधीचा विद्यार्थी उशिरा उतरतो. गाडी सीएनजीची असेल तर पंपावरची रांग तुमच्याच वेळेत येते. काही ठिकाणी एका गाडीत दोघांना घेतात आणि तुमचा निम्मा वेळ मागच्या सीटवर जातो. दर क्लासला आठ मिनिटे अशी गेली तर उरतात बावीस. वीस क्लासची ४४० मिनिटे, म्हणजे सात तास वीस मिनिटे, आणि तोच सहा हजारांचा दर तासाला आठशेच्या वर पोहोचतो. पुढच्या विद्यार्थ्याच्या घरापर्यंत तुम्हीच गाडी चालवत गेलात तर तो वेळ वाया गेलेला नाही, त्यावर वाद घालू नये. रांगेत उभे राहिलेला वेळ मात्र भरून मागावा. प्रत्येक स्कूलने विद्यार्थ्याने चालवलेल्या तासांची नोंद फॉर्म १५ च्या रजिस्टरमध्ये ठेवायची असते. त्यात तारीख आणि कितीपासून कितीपर्यंत चालवली ही वेळ असते. त्यावर कोऱ्या रकान्यांसाठी एकदम वीस सह्या करून देऊ नका. क्लास झाला की त्या दिवसाची सही करा.

क्लासची वेळ निवडताना बहुतेक जण सकाळी सहा ते आठ मागतात, कारण रस्ते मोकळे असतात. पहिल्या सात-आठ क्लासना ते योग्यच आहे. सगळे वीस क्लास सकाळी घेतले तर मात्र एलबीएस मार्गावरची संध्याकाळ पहिल्यांदा भेटते ती एकट्याने, आणि तेव्हा शेजारी दुसरा ब्रेक नसतो. निदान चार क्लास गर्दीच्या वेळचे मागून घ्या.

सगळ्यात जास्त पैसे कुठे पाण्यात जातात ते आता सांगतो. शिकवण्याच्या गाडीला डबल कंट्रोल असणे सक्तीचे आहे आणि ते हवेच. शिकवणाऱ्याच्या पायाखालचे क्लच आणि ब्रेक केबलने किंवा रॉडने तुमच्या पेडलला जोडलेले असतात. गर्दीत गाडी बंद पडू नये, मागून हॉर्न वाजू नयेत, म्हणून बरेच शिकवणारे क्लच आपल्याच पायाने सांभाळतात. विद्यार्थी स्टिअरिंग फिरवतो, गिअर टाकतो, थोडी रेस देतो आणि पंधराव्या दिवशी त्याला वाटते आपल्याला गाडी आली. घरच्या गाडीत बसला की ती तीन वेळा धक्का खाऊन बंद पडते. मग ‘रिफ्रेशर’ म्हणून आणखी दहा क्लास घेतले जातात, म्हणजे एकाच गोष्टीचे पैसे दोनदा जातात.

हे ओळखायला सोपे आहे. डावा पाय क्लचवर अलगद टेकवून ठेवा. तुम्ही न दाबता पेडल खाली सरकले, किंवा तुम्ही पाय उचलला तरी ते वर आले नाही, तर दाबणारा पाय दुसऱ्याचा आहे. गिअरमध्ये असताना तुम्ही क्लच न दाबता गाडी थांबवली आणि ती थरथरून बंद पडली नाही, तरी तेच समजा. आठव्या-दहाव्या क्लासपासून सरांना नम्रपणे सांगा, "शेवटची दहा मिनिटे पाय पेडलवरून काढून ठेवाल का? गाडी बंद पडली तर पडू दे." चांगला शिकवणारा याने खूशच होतो.

त्या दहा मिनिटांत करायचा सराव असा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर पहिला गिअर टाका, रेस अजिबात देऊ नका आणि क्लच हळूहळू सोडा. पेडल वर येता येता इंजिनाचा आवाज किंचित जड होतो आणि गाडी पुढे ओढू लागते. तिथे पाय दोन सेकंद तसाच धरायचा आणि गाडी चालू लागली की उरलेला क्लच सोडायचा. हाच हाफ क्लच. ही जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते; जुन्या क्लच प्लेटच्या गाडीत ती बरीच वर सापडते. सलग दहा वेळा गाडी बंद न पाडता उचलता आली की मग चढ. हॅन्डब्रेक ओढलेला ठेवायचा, हाफ क्लचवर गाडी ओढ घेऊ लागली की थोडी रेस द्यायची आणि मगच हॅन्डब्रेक सोडायचा. पाली हिल किंवा मलबार हिलचे आतले रस्ते सकाळी यासाठी चांगले. उड्डाणपुलाच्या चढावर, मागे बेस्टची बस उभी असताना, हे पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये. चढावर गाडी नुसती हाफ क्लचवर तोलून धरायची सवय तेव्हाच मोडावी. तिने क्लच प्लेट जळते, करपल्यासारखा वास येतो आणि घरच्या गाडीचा क्लच सेट बदलायला मजुरीसकट काही हजार रुपये लागतात.

रिव्हर्सचेही असेच होते. मुंबईत जागा नाही म्हणून तो शेवटच्या क्लासला उरकतात, आणि टेस्टमध्ये तर अरुंद जागेत गाडी मागे घेऊन दाखवायची असते. रिव्हर्स आणि पार्किंगला दोन पूर्ण क्लास मिळतील, हे पैसे भरतानाच ठरवून घ्या.

तारखांचे गणित चुकले तरी पैसे वाढतात. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या टेस्टला बसता येते. सहा महिने उलटले की पुन्हा शून्यापासून सुरुवात. मेच्या शेवटी लायसन्स काढून जूनमध्ये क्लास सुरू करणाऱ्यांचे हाल होतात. हिंदमाता आणि अंधेरी सबवेत पाणी भरले की गाडी निघत नाही, आठवडाभर क्लास बुडतात आणि मध्ये खंड पडला की हात विसरतो. पावसात गाडी चालवायला शिकणे गरजेचे आहे, पण ते सुरुवातीला नको. घाई नसेल तर गणपती झाल्यावर शिकाऊ लायसन्स काढावे; क्लास कोरड्या रस्त्यावर होतात आणि टेस्टसाठी हातात भरपूर महिने राहतात. स्कूलने रद्द केलेला आणि तुम्ही आदल्या दिवशी कळवून चुकवलेला क्लास पुढे भरून मिळेल का, हे पावतीमागे लिहून घ्या.

टेस्टच्या दिवशीची गाडी पॅकेजमध्ये आहे का, हाही स्वतंत्र प्रश्न. घरची गाडी नेणार असाल तर तिचे आरसी, विमा आणि पीयूसी चालू हवे. स्कूलची नेणार असाल तर तिचे भाडे किती आणि नापास झाल्यास दुसऱ्या वेळचे किती, दोन्ही आकडे आधी घ्या. नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा बसता येते आणि टेस्टचे शुल्क पुन्हा भरावे लागते. तीनदा नापास झालात तर साठ दिवस थांबावे लागते. गाडी येत असूनही लोक नापास होतात ते सीट बेल्ट विसरून, निघण्याआधी आरसे न पाहून, इंडिकेटर न देऊन आणि चढावर गाडी मागे सोडून. एका फेरटेस्टचे पैसे बजेटमध्ये धरून ठेवा, म्हणजे टेस्टच्या दिवशी तेवढी धास्ती कमी राहते.

एक गैरसमज अजून फिरतो आहे. जून २०२४ पासून खासगी ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र असले की आरटीओची टेस्ट द्यावी लागत नाही, असे संदेश तेव्हा पसरले होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तेव्हाच खुलासा केला की नियमात असा बदल झालेला नाही. टेस्टमधून सूट आहे ती फक्त मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांतून उत्तीर्ण होणाऱ्यांना. त्या केंद्रांचा हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा असतो, त्यातले २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे. गल्लीतल्या नेहमीच्या स्कूलने ही सूट सांगून जास्त पैसे मागितले तर देऊ नयेत.

आता क्लास संपल्यानंतरचा खर्च, जो बहुतेक जण धरतच नाहीत. आमच्या मते पॅकेजच्या निम्म्याइतके पैसे यासाठी बाजूला ठेवावेत. घरी गाडी असेल तर आणखी दहा तास सराव करा. शहरात तासाला पंधरा किलोमीटर धरले तर दीडशे किलोमीटर होतात. शिकाऊ पायाखाली लिटरला बारा किलोमीटर मिळाले तर साडेबारा लिटर पेट्रोल, म्हणजे मुंबईच्या भावाने तेराशे रुपयांच्या आसपास. रविवारी सकाळी बीकेसीतले रुंद रस्ते किंवा खाडीपलीकडे खारघरचे सेक्टर सरावाला बरे. ऑक्टोबर २०२४ पासून वाशीसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींना टोल नाही, त्यामुळे तो खर्च गेला. शिकाऊ लायसन्सवर चालवताना शेजारी पक्के लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा आणि गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा, पाटी १८ सेंटिमीटर चौरस. विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत शिकाऊ चालकाला संरक्षण असते, पण या अटी पाळल्या तरच. "बिल्डिंगखालून एक फेरी मारून येतो" म्हणून एकटे बाहेर पडणाऱ्याने गाडीला ठोकले तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि लायसन्सशिवाय चालवल्याचा दंड ५,००० रुपये आहे. अठरा पूर्ण नसलेल्या मुलाला मोटारीची चावी दिली तर पालकाला २५,००० दंड, तुरुंगवासाची तरतूद आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, इतके कडक कलम आहे.

घरी गाडी नसेल तर निदान पाच तास स्कूलकडून सुटे विकत घ्या, पुन्हा पॅकेज नको. तासाला ६०० दराने पाच तासांचे ३,००० होतात. लायसन्स पाच-सात वर्षांपूर्वी काढले आणि गाडी कधी चालवलीच नाही, असे लोक मुंबईत फार आहेत. त्यांनीही असेच करावे. पहिल्या तासानंतर शिकवणाऱ्याला विचारा की नेमके काय कमी पडते आहे, आणि तेवढ्याचेच तास घ्या.

ओरखड्यांचेही पैसे धरा. पहिला ओरखडा सहसा सोसायटीच्या स्टिल्टमधल्या खांबावर येतो आणि तो डाव्या मागच्या दारावर. मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात, आणि उजवीकडे बसलेल्या चालकाला डावी बाजू दिसत नाही. खांब पुढच्या दारापाशी आल्यावरच स्टिअरिंग कापले की मागचे दार घासते. खांब डाव्या आरशात मागच्या दारापर्यंत आलेला दिसेपर्यंत सरळ जायचे, मग वळायचे. तरी घासलेच, तर लगेच क्लेम करू नका. समजा दुरुस्ती ३,००० ची आहे. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला त्यातले १,००० तुम्हीच भरायचे असतात, म्हणजे हाती आले २,०००. गाडीच्या नुकसानीचा हप्ता ८,००० असेल आणि पुढच्या वर्षी ३५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात सवलत) मिळणार असेल, तर क्लेममुळे २,८०० ची सवलत जाते आणि बोनस पुन्हा पहिल्या पायरीवरून मोजला जातो. एवढ्यासाठी डेंटिंग-पेंटिंगचे पैसे खिशातून द्यावेत. शिकवणीच्या गाडीला तुमच्या हातून घासले तर खर्च कोणाचा, हे मात्र स्कूलला आधी विचारा. शेजारी ब्रेक घेऊन बसलेला माणूस त्यांचा असल्याने तो विद्यार्थ्यावर टाकणे आम्हाला योग्य वाटत नाही. त्या गाडीचा विमा आणि पीयूसी चालू आहे का, हे एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून दोन मिनिटांत कळते.

आमच्याच व्यवसायातल्या मंडळींना एक विनंती. दर्शनी भागात लायसन्सची प्रत लावता, तिच्याशेजारीच दराचा फलक लावा. त्यावर क्लास किती, प्रत्येक क्लास किती मिनिटांचा, गाडीत एका वेळी विद्यार्थी किती, ताशी दर किती, सरकारी शुल्क किती, अर्ज भरण्याचे किती, टेस्टच्या गाडीचे पहिल्या आणि दुसऱ्या वेळचे भाडे किती, एवढे लिहिलेले असावे. आणि परिवहन विभागाने तपासणीला येताना फॉर्म १५ मधल्या वेळा विद्यार्थ्यांना फोन करून पडताळाव्यात. एकाच गाडीवर एकाच वेळी दोघांच्या सह्या दिसल्या तर कारवाई करायला वेगळा पुरावा लागू नये.

आपले,
ड्रायव्हिंग शिकवणारे काही प्रशिक्षक, माटुंगा, मुंबई